स्नोबोर्डची कड सारखी अडकते? पडण्याच्या तीन सेकंद आधी काय बिघडतं ते शोधा

पडून उठल्यावर नवशिके मला जवळपास एकच वाक्य सांगतात: “बोर्ड नीट चालला होता, वेगही नव्हता, आणि कोणीतरी पाय धरून आपटावं तसा आपटलो.” स्नोबोर्ड शिकवताना मी सगळ्यात जास्त वेळा दुरुस्त केलेला बिघाड हाच. याला कड अडकणं म्हणतात. उतारावर बहुतेक जण ‘एज लागली’ एवढंच म्हणतात. आधी तुमचं पडणं याच प्रकारातलं आहे का ते ठरवा, कारण दुसऱ्या प्रकारच्या पडण्याला खालचे उपाय लागू पडत नाहीत.

लक्षणं

- पडण्याआधी काहीच सूचना मिळत नाही. तोल जातोय, हात हलवून सावरतोय, असा मधला वेळच नसतो.
- वेग कमी असतो. चालण्याच्या वेगातही हे होतं.
- पडणं नेहमी उताराच्या खालच्या दिशेला होतं. तोंड खाली असेल तर पुढे, हातांवर आणि गुडघ्यांवर. तोंड डोंगराकडे असेल तर मागे, पाठीवर आणि डोक्यावर.
- खऱ्या उतारापेक्षा सपाट जोडरस्त्यांवर जास्त वेळा होतं.
- वळण घेताना होत असेल तर वळणाच्या सुरुवातीला होतं, शेवटी नाही.
- बहुतेकांना एकाच बाजूला जास्त त्रास असतो.

बोर्ड हळूहळू पायाखालून निसटून तुम्ही डोंगराच्या बाजूला बसत असाल, तर ती कड अडकत नाही, कड सुटते आहे. तो बिघाड वेगळा आणि बराच सौम्य. वळणाच्या मध्यावर, बोर्ड चांगला कलंडलेला असताना बुटाचा चवडा किंवा टाच बर्फावर घासून बोर्ड सुटला, तर ते बूट बोर्डाबाहेर फार आल्यामुळे होतं. त्याचा उल्लेख पुढे बाइंडिंगच्या, म्हणजे बूट बोर्डाला धरून ठेवणाऱ्या पट्ट्यांच्या साच्याच्या, भागात आहे.

नेमकं घडतं काय

बोर्डाला दोन पोलादी कडा असतात, एक टाचेकडची आणि एक चवड्याकडची. बोर्ड उतारावर आडवा असतो तेव्हा त्यातली एक कड डोंगराच्या बाजूला असते, दुसरी खालच्या बाजूला. सगळं ठीक असतं तेव्हा तुम्ही वरच्या कडेवर उभे असता आणि खालची कड बर्फापासून थोडी उचललेली असते. त्यामुळे बोर्ड आडवा असूनही खाली सरकू शकतो.

आता घोटे सैल पडले, बोर्ड सपाट झाला, पण सरकणं चालूच आहे असं समजा. खालची कड बर्फाला टेकते आणि रुतते. बोर्ड तिथल्या तिथे थांबतो, शरीर चालतच राहतं, आणि दार बिजागरीवर फिरून चौकटीवर आपटावं तसे तुम्ही त्या कडेवरून फिरून जमिनीवर आदळता. म्हणून वेग कमी असूनही मार एवढा जोराचा लागतो. तोंड डोंगराकडे असेल तर टाचेची कड अडकते आणि थेट डोक्याचा मागचा भाग आपटतो. स्नोबोर्डवर नवशिक्यांना होणाऱ्या डोक्याच्या गंभीर दुखापती बऱ्याचदा याच पडण्यातून येतात. त्यामुळे ‘शिकताना पडणारच’ म्हणून या बिघाडाकडे दुर्लक्ष करणं मला मान्य नाही.

१९६५ मध्ये शर्मन पॉपेन यांनी मिशिगनमध्ये आपल्या मुलीसाठी दोन स्की एकमेकींना जोडून ‘स्नर्फर’ बनवला. त्याला ना बाइंडिंग होतं ना पोलादी कडा. पुढच्या टोकाला दोरी बांधली होती, ती धरून सरकायचं. कडक बर्फावर तसा बोर्ड धरून ठेवणं अवघड. पोलादी कडा आल्या आणि बोर्डाला कडक उतारावरही पकड मिळाली. तीच पकड नको त्या बाजूने लागली की तुम्ही आपटता. कड हा तुमचा ब्रेकही आहे आणि अडथळाही, म्हणून ती काढून टाकणं किंवा संपूर्ण बोथट करणं हा उपाय नव्हे.

पुढच्या सगळ्या तपासण्यांमागे एकच नियम आहे: बोर्ड आडवा सरकत असताना खालची कड बर्फाला टेकू द्यायची नाही. तो नियम कशामुळे मोडतोय, एवढंच आपल्याला शोधायचं आहे. आणि ते कारण आपटण्याच्या क्षणी कधीच सापडत नाही. दोन-तीन सेकंद आधी मागे जाऊन बघावं लागतं.

आधी बघा, कुठे आणि कधी पडता

याला पैसे लागत नाहीत, अवजार लागत नाही, म्हणून इथून सुरुवात. मागच्या पाच वेळा कुठे पडलात ते आठवा.

पाचही वेळा सपाट रस्त्यावर असेल, तर तंत्राचा मोठा दोष असेलच असं नाही. सपाट जागी माणूस निश्चिंत होतो, घोटे सोडून देतो आणि बोर्ड संपूर्ण तळावर टेकतो. असा बोर्ड स्वतःच्या मर्जीने इकडेतिकडे डोलतो आणि जराशी आडवी हालचाल झाली की कड लागते. उपाय: सपाटावरही कधी पूर्ण तळावर उभं राहायचं नाही. टाचेवर किंवा चवड्यावर अगदी हलका, बाहेरून दिसणारही नाही इतका कल ठेवायचा, वजन किंचित पुढच्या पायावर, नजर रस्त्याच्या टोकाला. थोड्या अंतराने कल बदलायचा, पण बदलताना बोर्डाचं टोक प्रवासाच्या दिशेलाच हवं.

पाचही वेळा दुपारनंतर पडला असाल, तर कारण थकवा आहे. मांड्या थकल्या की गुडघे सरळ होतात, गुडघे सरळ झाले की घोट्यातला कल जातो. दुपारी बर्फ ओला आणि खड्ड्या-उंचवट्यांचा झालेला असतो, तेही भोवतं. ‘शेवटची एक फेरी’ मी कोणालाच करू देत नाही. अजून एक करावीशी वाटते तेव्हाच थांबायचं.

पाचही वेळा ढगाळ हवेत पडला असाल, तर जमीन दिसतच नव्हती. सावली नसली की पांढऱ्यावर पांढरा उंचवटा कळत नाही आणि पाय आधीच ताठ होतात. अशा दिवशी झाडांच्या किंवा दोन्ही कडेच्या खुणांच्या जवळचा उतार निवडा. तिथे डोळ्यांना आधार मिळतो.

उताराबद्दल एक गोष्ट नवशिक्यांना पटत नाही: फार सपाट उतारावर शिकणं अवघड असतं. बोर्डाला वरच्या कडेवर ठेवायला थोडा तरी उतार लागतो. उत्तर अमेरिकेत हिरव्या वर्तुळाचा, युरोपात हिरव्या किंवा निळ्या रंगाचा उतार पुरेसा आहे. पण त्यातलाही जिथे बोर्ड सोडला की आपोआप सरकायला लागतो, असा पट्टा निवडा. कडक, बर्फाळ पृष्ठभागावर सराव टाळा. कड तिथेही तशीच अडकते, फक्त मार कितीतरी जास्त बसतो.

बूट आणि पट्टे: पाच मिनिटं

उभे राहा, गुडघे वाकवा, चवड्यांवर या. बुटाच्या आत टाच उचलली जाते का? जात असेल तर पुढचं काही तपासण्यात अर्थ नाही. तुम्ही चवड्याचा कल द्यायला जाता, पण पहिला सगळा जोर बुटातली मोकळी जागा भरण्यात जातो. बोर्ड कलायला उशीर होतो आणि त्या उशिरात तळ सपाट राहतो.

बूट घालताना टाच दोन-तीनदा जमिनीवर मागच्या बाजूने ठोका, म्हणजे ती खाचेत बसते. आधी आतला थर आवळा, मग बाहेरचा. सरळ उभं असताना बोटं पुढे हलकी टेकायला हवीत आणि गुडघे वाकवल्यावर थोडी मागे यायला हवीत. मोजा एकच, पातळ. दोन जाड मोजे घातले की ऊब वाढत नाही, पकड मात्र जाते. दोन-तीन फेऱ्यांनंतर बूट सैल पडतातच. पुन्हा आवळा. भाड्याचे बूट बहुतेक वेळा एक माप मोठे दिले जातात, कारण दुकानात उभं राहिल्यावर मोठा बूट सुखाचा वाटतो. लहान मापाचा जोड मागून घालून बघायला संकोच करू नका.

पट्ट्यांपैकी घोट्यावरचा पट्टा महत्त्वाचा. तो सैल असेल तर टाच वर येते, म्हणजे पुन्हा तोच उशीर. बांधण्याआधी बाइंडिंगच्या तळातला आणि बुटाखालचा बर्फ खरवडून काढा. बोटभर बर्फही पाय तिरका करतो आणि पट्टा नीट बसू देत नाही.

बाइंडिंग: एक स्क्रूड्रायव्हर

हल्लीच्या बहुतेक बाइंडिंगना तीन नंबरचा पोझिड्राइव्ह (फुलीसारखाच, पण वेगळ्या टोकाचा) स्क्रूड्रायव्हर लागतो. साधा फुलीचा चालवला तर डोकं झिजतं आणि मग स्क्रू निघतही नाही, आवळतही नाही. दर एक-दोन दिवसांनी आठही स्क्रू हाताने आवळून बघा. सैल बाइंडिंग म्हणजे पाय आणि बोर्ड यांच्यात फट, आणि त्या फटीत तुमचा कल हरवतो.

मग कोन बघा. नवशिक्यासाठी पुढचा पाय साधारण +१५ अंश आणि मागचा −६ ते −१२ अंश, म्हणजे दोन्ही चवडे किंचित बाहेर, हे बहुतेकांना जमतं. दोन्ही पाय पुढे वळवलेले असतील तर खांदेही पुढे वळतात आणि चवड्याच्या कडेवर उभं राहणं अवघड होतं. पायांमधलं अंतर खांद्यांच्या रुंदीपेक्षा थोडं जास्त. बोर्डावर शिफारस केलेल्या भोकांची खूण असते, तिथून सुरुवात करा.

बुटासह पाय बाइंडिंगमध्ये घालून वरून बघा. चवडा आणि टाच कडेबाहेर साधारण सारखी यायला हवी. एकीकडे दोन सेंटिमीटर आणि दुसरीकडे काहीच नाही, असं असेल तर एका कडेवर तुम्हाला दुप्पट जोर लावावा लागतो. ‘एकाच बाजूला पडतो’ या तक्रारीचं हे फार नेहमीचं कारण आहे. दोन्हीकडे खूपच बाहेर येत असेल तर बोर्ड पायाच्या मानाने अरुंद आहे. वर सांगितलेलं बूट घासून पडणं त्यातलंच.

मागची पोटरीला टेकणारी पाठ टाचेच्या कडेला समांतर असावी आणि सुरुवातीला फार पुढे झुकवलेली नसावी. एका विद्यार्थिनीची टाचेची बाजू दोन दिवस सुधारत नव्हती. ती घोटे वर ओढायची, बोर्ड ऐकायचा नाही. मागच्या बाइंडिंगची पाठ सैल होऊन भलतीकडे फिरली होती. पोटरीचा जोर कडेपर्यंत पोचतच नव्हता. पाच मिनिटांत पाठ सरळ केली आणि दुपारपर्यंत तिचं टाचेवरून घसरणं स्थिर झालं. ते दोन दिवस तिने विनाकारण स्वतःला दोष दिला, म्हणून मी आता सामान आधी तपासते.

पुढे कुठला पाय, हेही इथेच बघा. डावा पुढे असेल तर रेग्युलर, उजवा पुढे असेल तर गूफी. मोजे घालून गुळगुळीत फरशीवर धावत येऊन घसरा आणि कुठला पाय आपोआप पुढे गेला ते बघा. मागून कोणी ढकलून बघण्याच्या पद्धतीवर माझा फारसा विश्वास नाही. पहिल्या दोन दिवसांत कोणतीच बाजू जमत नसेल, तर अर्धा दिवस दुसरा पाय पुढे घेऊन बघायला हरकत नाही. त्यानंतर मात्र बदलत बसू नका.

कडा: कापसाचा बोळा

कापसाचा बोळा किंवा जुना नायलॉनचा मोजा कडेवरून हलक्या हाताने फिरवा. धागे अडकले तिथे कडेला खरवड आहे, बहुधा दगडाला घासून आलेली. बारीक हिऱ्याचा किंवा रबरी घासदगड फिरवून ती काढता येते. बोट फिरवून तपासू नका, कापेल.

नवा बोर्ड किंवा नुकताच धार लावून आलेला बोर्ड दोन्ही टोकांपर्यंत धारदार असतो. टोकं जिथे वर वळायला लागतात, त्या जागेपासून पुढची धार रबरी दगडाने थोडी मोडली तर बोर्ड वळण सुरू करताना कमी हिसकतो. दोन पायांच्या मधली धार मात्र मोडू नका. कडक बर्फावर तुम्हाला थांबवते ती तीच, आणि पोलाद एकदा घासून गेलं की परत येत नाही.

एक तपासणी फारच थोडे जण करतात. सरळ धातूची पट्टी तळावर आडवी ठेवून ती उजेडासमोर धरा. पट्टी फक्त दोन्ही कडांवर टेकली आणि मध्ये उजेड दिसला, तर तळ खोलगट झाला आहे आणि कडा तळापेक्षा उंच उरल्या आहेत. अशा बोर्डावर चांगला जाणकारही अडखळतो. शिवाय कडेची तळाकडची बाजू साधारण १ अंशाने वर घासलेली असावी लागते, म्हणजे बोर्ड सपाट असताना कड बर्फाला लगेच लागत नाही. यंत्रावर तळ घासून घेतल्यावर तो कोन पुन्हा द्यायला विसरलेले बोर्ड मी पाहिले आहेत. हे दोन्ही दोष घरी दुरुस्त करू नका. बोर्ड दुरुस्तीच्या कारागिराकडे द्या आणि ‘तळ सपाट करून कडेला १ अंशाचा कोन द्या’ असं स्पष्ट सांगा.

साइडस्लिपची परीक्षा

सामान ठीक असेल तर आता शरीर. सोप्या उतारावर बोर्ड संपूर्ण आडवा ठेवून, टाचेच्या कडेवर, सरळ खाली घसरा. वीस-पंचवीस मीटरमध्ये तीनदा थांबा, तीनदा सुटा. मग तेच तोंड डोंगराकडे करून चवड्याच्या कडेवर.

ही परीक्षा एवढ्यासाठी, की यात वळणच नाही. इथे कड अडकत असेल तर वळण सुधारून काही होणार नाही. पायाच कच्चा आहे. आणि माझ्याकडे ‘वळणं जमत नाहीत’ म्हणून येणाऱ्यांपैकी पुष्कळ जण खरं तर इथेच नापास होतात, विशेषतः चवड्याच्या बाजूला.

आवाज ऐका. खरवडल्यासारखा सलग आवाज म्हणजे वरची कड काम करते आहे. आवाज मधेच थांबला म्हणजे बोर्ड सपाट पडला. आपटण्याआधीची शांतता तीच. हा आवाज ओळखायला शिकलात की पडण्याआधी अर्धा सेकंद मिळतो, आणि घोटा पुन्हा वर ओढायला तो पुरतो.

टाचेच्या बाजूला: खालच्या बैठ्या स्टुलावर बसल्यासारखे गुडघे वाकवा, पाठ सरळ, आणि पायाची बोटं नडगीकडे ओढा. वेग कमी-जास्त करायचा तो बोटं ओढून-सोडून, कंबर हलवून नाही. चवड्याच्या बाजूला: नडग्या बुटाच्या जिभेवर दाबा, गुडघे बर्फाकडे, कंबर पुढे. इथे हमखास होणारी चूक म्हणजे कमरेत वाकणं. डोंगर नाकासमोर आला की माणूस भीतीने त्याच्याकडे झुकतो, कंबर मागे जाते, वजन टाचांवर जातं आणि टाचेची कड टेकते. पुढे काय होतं ते लक्षणांमध्ये लिहिलंच आहे. कंबर चवड्याच्या कडेवर आणायची आणि मान वळवून खांद्यावरून खाली बघायचं. पायाकडे बघायचं नाही.

पायाकडे बघणं ही वेगळी तपासणी म्हणून लिहिणार होते, पण ती प्रत्येक तपासणीत येते. मान खाली गेली की खांदे फिरतात, पाठ वाकते आणि वजन सरकतं. दहा-पंधरा मीटर पुढची खूण पकडा. मी शिकवताना विद्यार्थ्याच्या पुढे जाऊन थांबते आणि माझ्या हातमोजाकडे बघत यायला सांगते. किती बोटं वर आहेत ते मोठ्याने म्हणायचं. निम्म्यांचा त्रास तिथेच कमी होतो.

दोन्ही बाजूंचं सरळ घसरणं जमलं की गळणाऱ्या पानाचा सराव: त्याच कडेवर राहून डावीकडे तिरकं, थांबा, उजवीकडे तिरकं, थांबा. जायचं असेल त्या बाजूच्या पायावर थोडं वजन द्यायचं. हा सराव एका कडेवर निदान पाच-सहा फेऱ्या करा. कंटाळा येतो, मान्य आहे, पण इथे घालवलेला तास वळणांचा एक दिवस वाचवतो.

वळण: बोर्डाचं टोक खाली वळेपर्यंत थांबा

इतकं सगळं ठीक असून वळताना आपटत असाल, तर कारण जवळजवळ ठरलेलं आहे: तुम्ही कड बदलण्याची घाई करता.

पाणी ओतलं तर ज्या रेषेने सरळ खाली वाहील ती उताराची रेषा. तुम्ही टाचेच्या कडेवर आडवे चालला आहात, आता चवड्याच्या बाजूला वळायचं आहे. या क्षणी चवड्याची कड कुठे आहे? खालच्या बाजूला. तिच्यावर आत्ताच वजन टाकलं तर आपला नियम मोडला आणि तुम्ही पुढे आपटलात. तीच कड, बोर्डाचं टोक सरळ खाली वळल्यावर, खालची कड उरत नाही. तेव्हा बोर्ड लांबीच्या दिशेने सरकत असतो, आडवा नाही, म्हणून सपाट पडला तरी अडकत नाही. तो एक क्षण कड बदलण्यासाठी सुरक्षित आहे. पुढे जाऊन चांगले जाणकार त्याआधीच कड बदलतात, पण त्यांचा वेग, कल आणि तोल वेगळा असतो. सुरुवातीला ते बघून शिकू नका.

मग लोक थांबत का नाहीत? कारण टोक सरळ खाली वळलं की वेग वाढतो, आणि वेग वाढताना बघवत नाही. शरीर मागे झुकतं. पुढचं टोक हलकं होतं, बोर्ड वळायचा थांबतो, आणि मग माणूस मागच्या पायाने शेपटी जोरात ढकलून बोर्ड आडवा करतो. बोर्ड आडवा, तळ सपाट, वजन मागे: कड अडकायला याहून चांगली तयारी नाही. मागच्या पायाने लाथ मारल्यासारखं वळणं बाहेरून लगेच ओळखू येतं, बर्फाचा फवारा एकदम उडतो. तुमच्या सोबत्याला मागून एक फेरी चित्रित करायला सांगा आणि फक्त हे बघा: आधी पुढचा गुडघा हलतो की मागचा पाय?

दुरुस्ती हळू हालचालीत करा. टाचेच्या कडेवर तिरकं चालत असताना वजन पुढच्या पायावर आणा. फक्त पुढच्या पायाची बोटं सोडा, मागच्या पायाची नाही. बोर्ड थोडा पिळला जातो आणि टोक आपोआप खाली वळायला लागतं. हे बोर्डाचंच काम आहे, त्याला करू द्या. टोक सरळ खाली आलं की मनात ‘एक’ म्हणा. मग पुढची नडगी जिभेवर दाबा, पुढचा चवडा कलला की मागचा त्याच्या मागून. खांदे आणि नजर वळणाच्या शेवटाकडे. दुसऱ्या बाजूला तेच: पुढची टाच हळूच खाली येऊ द्या, ‘एक’, पुढच्या पायाची बोटं वर ओढा, मग मागची.

‘एक’ म्हणायची भीती वाटत असेल तर उतार जास्त आहे. असा पट्टा निवडा जिथे खाली गेल्यावर जमीन आपोआप सपाट होते किंवा परत चढते. तिथे सरळ खाली सरकलात तरी बोर्ड स्वतः थांबतो. त्या जागी दहा वेळा सरळ सरकून या, वळण न घेता. टोक खाली असताना काही वाईट होत नाही, हे शरीराला पटल्याशिवाय घाई जात नाही, कितीही समजावलं तरी.

बोर्ड बदलणं: सगळ्यात शेवटी

बोर्ड टेबलावर ठेवा. मध्ये फट असून दोन्ही टोकांजवळ टेकत असेल तर तो कॅम्बर. मध्ये टेकून टोकांकडे उचललेला असेल तर रॉकर. कॅम्बरचे संपर्कबिंदू, म्हणजे टोकांजवळच्या टेकणाऱ्या जागा, सतत बर्फाला दाबलेले असतात, त्यामुळे पकड चांगली मिळते आणि चुकीला क्षमा कमी. नवशिक्याला मऊ, रॉकर किंवा सपाट तळाचा बोर्ड सोपा जातो. लांबी निवडताना उंचीपेक्षा वजनाचा तक्ता बघा. विकत घेण्याआधी एक दिवस भाड्याने घेऊन त्याच उतारावर तीच साइडस्लिपची परीक्षा द्या. तिथे फरक पडला नाही तर पैसे खर्च करू नका.

इथे थांबा

एका तासात तीनदा कड अडकली की त्या दिवसाचा सराव बंद. पडून राहायची वेळ आली तर उताराच्या कडेला सरका, उंचवट्याच्या खाली दिसणार नाही अशा जागी कधी बसू नका. खाली असलेल्याला वाट देणं हे वरून येणाऱ्याचं काम आहे, पण त्याला तुम्ही दिसायला हवं.

दोन दिवस करूनही चवड्याच्या बाजूचं साइडस्लिप स्थिर होत नसेल, तर प्रशिक्षित शिक्षकाचा एक तास घ्या. ‘वळणं शिकवा’ असं सांगू नका, ‘माझी टाचेची कड अडकते, का ते बघा’ असं सांगा. मागे पडून डोकं एकदा जरी आपटलं असेल तरी एकट्याने प्रयोग चालू ठेवू नका, सरळ शिक्षक गाठा.

बाइंडिंगचा स्क्रू फिरत राहतो पण बसत नाही, पोलादी कड तळापासून सुटली आहे किंवा तुटली आहे, बोर्डाचे थर उकलले आहेत: यातलं काहीही असेल तर तो बोर्ड कारागिराने बघेपर्यंत उतारावर नेऊ नका.

हेल्मेट आणि मनगटरक्षक पहिल्या दिवसापासून. नवशिक्यांचं मनगट सगळ्यात जास्त वेळा मोडतं, कारण पडताना पंजा उघडून टेकला जातो. पुढे पडताना मुठी मिटून कोपरापासूनचा हात टेकवा. मागे पडताना हनुवटी छातीला लावून बसते व्हा आणि पाठीवर लोळा.

डोकं आपटल्यावर बरं वाटत असलं तरी त्या दिवशी परत बोर्डवर चढू नका आणि एकटे राहू नका. वाढत जाणारी डोकेदुखी, उलटी, गोंधळल्यासारखं बोलणं, झोप अनावर होणं, हातापायात कमजोरी, यातलं एक जरी दिसलं तर उतारावरच्या बचाव पथकाला बोलवा आणि लगेच रुग्णालयात जा. जोराचा मार बसलेलं हेल्मेट बाहेरून ठीक दिसलं तरी बदला.

मनगटावर सूज असेल किंवा अंगठ्याच्या मुळाशी दुखत असेल तर एक्स-रे काढल्याशिवाय ‘मुरगळलं’ म्हणू नका. आणि घोट्याच्या बाहेरच्या बाजूचं, घोट्याच्या हाडाच्या थोडं खालचं दुखणं आठवडाभरात कमी झालं नाही, तर डॉक्टरांना आवर्जून सांगा की दुखापत स्नोबोर्डवर झाली आहे. तिथलं टॅलस नावाच्या हाडाचं लहानसं टोक स्नोबोर्डवर मोडतं, लक्षणं मुरगळल्यासारखीच असतात आणि साध्या एक्स-रेत ते निसटू शकतं. सीटी स्कॅनमध्ये ते दिसतं. लवकर सापडलं तर उपचार सोपे असतात.